काटेमामा आणि बुडता बोर्ड

भंगाराच्या वखारीत ट्रक तोलणाऱ्या माणसाला सगळं बंदर काटेमामा म्हणायचं. मामा तो खरा एकाच मुलीचा, थोरल्या बहिणीच्या. पण ती लहानपणी शाळा सुटली की वखारीत यायची आणि 'मामा, मामा' करत त्याच्या केबिनभोवती फिरायची. तेव्हापासून ड्रायव्हर, हमाल, क्रेनवाला असे सगळेच त्याचे भाचे झाले. त्याला ते फारसं रुचत नसे. "मामा म्हणा, पण मामा बनवू नका," असं तो गाडी काट्यावर चढायच्या आधीच सांगून ठेवायचा.

संशय हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. माल विकायला येणाऱ्याची गाडी भरलेली असताना जड दाखवली आणि रिकामी झाल्यावर हलकी दाखवली, की मधला फरक त्याच्या पदरात पडतो. त्यासाठी लोक काय काय करायचे! कुणी येताना पिंपभर पाणी भरून आणायचा आणि माल उतरवताना ते गुपचूप सोडून द्यायचा. कुणी रिकामी गाडी अशी उभी करायचा, की एक चाक काट्याच्या पत्र्याबाहेर राहील. सगळ्यांत नामी युक्ती एका जुन्या ड्रायव्हरची. त्याने क्रेनवाल्याला हाताशी धरलं होतं. माल उतरल्यावर क्रेनची साखळी गाडीच्या आकड्याला तशीच राहू द्यायची, जराशी ताणलेली. मग क्रेन गाडीचा थोडा भार आपल्या अंगावर घ्यायची आणि काटा बिचारा खाली उरलं तेवढंच सांगायचा. काटेमामाने ते पकडलं ते काट्यावरचा आकडा बघून नव्हे, साखळी बघून. "सैल साखळीला पोट सुटतं," तो म्हणाला. "हिचं पोट कुठे गेलं?"

असा माणूस घरी आला तरी काट्यावरून उतरत नाही. भाजीवालीने वर दोन लिंबं टाकली, की हा पिशवी उलटी करून बघायचा की खाली काय सडकं घातलंय. तरुणपणी एक स्थळ बघायला गेला होता. मुलीकडच्यांनी त्याच्या सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं, म्हणून याने नाही म्हटलं. पुढे लग्न राहूनच गेलं. बहिणीचा नवरा लवकर वारला, तेव्हा ती मुलीला घेऊन भावाकडे आली, आणि तेच त्याचं घर झालं. बहीण घरीच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे ताके, जमिनीवर सदा दोऱ्यांचा केर. ती त्याला 'बाबू' म्हणायची आणि तो तिला ताई.

भाची मोठी झाली आणि वखारीच्या पलीकडच्या खाडीत लोकांना विंग फॉइलिंग शिकवायला लागली. हे काय खूळ आहे आणि पोरगी कुणात उठते-बसते, ते बघायला काटेमामा एका सुट्टीच्या दिवशी खाडीवर गेला. काठच्या भिंतीवर बसून त्याने सगळ्यांची वजनं डोळ्यांनी तोलली, चेहरे तोलले, कुणात काही खोट सापडेना. तेवढ्यात भाचीने खालून हाक मारली, "मामा, वर बसून सीआयडीगिरी करण्यापेक्षा खाली ये ना!" आणि हा गेला.

खेळ सांगायला सोपा आहे. हातात एक विंग, म्हणजे कडेच्या नळीत हवा भरलेला कापडाचा मोठा पंख. तो बोर्डाला बांधलेला नसतो, दोन्ही हातांनी धरायचा; हातून सुटलाच तर म्हणून मनगटाला नुसती एक दोरी. पायाखाली बोर्ड, बोर्डाच्या पोटाला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेले विमानासारखे छोटे पंख. ते फॉइल. वाऱ्याने वेग आला, की फॉइल बोर्डाला पाण्याबाहेर उचलतं आणि माणूस हवेत तरंगत निघतो.

पहिल्यांदा बोर्ड उचलला गेला तेव्हा काटेमामाला जे झालं, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. खालचा खळखळाट एकदम थांबला होता. कुणी काही लपवतंय, कुणी काही ढकलतंय, कुणी चाक पत्र्याबाहेर ठेवलंय, असलं काही म्हणजे काहीच डोक्यात नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असा रिकामा क्षण मिळाला, तर तो परत परत जाणारच. मोठा बोर्ड होता, माणसाला सहज पेलून धरणारा. त्याच्यावर गुडघे टेकून आरामात बसता येई. काटेमामा सुट्टीची वाट बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी आपल्याकडून काढून घेतलं जाईल अशी भीती वाटायला लागली.

आणि ते काढून घ्यायला सुरुवात झाली एका संध्याकाळपासून. खाडीच्या तोंडाशी त्याचा वारा पडला. वाऱ्याशिवाय विंग म्हणजे ओलं पांघरूण. तो बोर्डावर पालथा पडून हाताने वल्हवत येत होता आणि विंग त्याने मागे दोरीने ओढत आणली होती. नेमकी त्या दिवशी ताई त्याला बोलवायला भिंतीवर आली होती. घरी आल्यावर ती सरळ शिवायला बसली. मशीन उशिरापर्यंत धडधडत राहिलं.

पुढच्या सुट्टीला भाची एक छोटा बोर्ड घेऊन आली. जेमतेम ताईच्या इस्त्रीच्या टेबलाएवढा.

"हा काय?" काटेमामाने विचारलं.

"आता तुझा हात बसलाय मामा. मोठा सोड. सगळे पुढे छोट्यावरच जातात."

"मोठा कुठाय?"

"दुरुस्तीला दिलाय."

"काय झालं त्याला?"

"चीर गेलीये." ती पायपट्टीचा स्क्रू आवळत होती. स्क्रू आवळलेलाच होता.

"आणि यावर चढायचं कसं?"

"नेहमीसारखंच. वेगळं काही नाही."

काटेमामाच्या कानात कुठेतरी घंटा वाजली. 'नेहमीचंच आहे, मामा' असं म्हणत जी गाडी काट्यावर येते, तीच उतरवून बघायची असते.

त्याने नेहमीसारखं करून पाहिलं. मध्यावर गुडघे टेकले, तर बोर्ड खाली गेला आणि पाणी कंबरेपर्यंत आलं. छोटा बोर्ड माणसाला पेलतच नाही. त्याचं पोट लहान आणि माणसाचं मोठं. विंग छातीसमोर धरून तो घाईने उभा राहिला, तर बोर्ड एका कडेने सटकला आणि हा दुसऱ्या कडेने. पुन्हा तेच. पुन्हा तेच. नाकातोंडात पाणी, हातांत गोळे. किनाऱ्यावर भाची म्हणाली, "नाही जमलं तर जाऊ दे मामा. वयाचंही बघायला पाहिजे ना." हे ती इतक्या गोड आवाजात बोलली, की त्याची खात्रीच पटली. काहीतरी शिजतंय.

पहिला संशय बोर्डावर. आत पाणी शिरलं असेल. दुसऱ्या दिवशी कामावर येताना तो बोर्ड वखारीत घेऊन आला. ट्रकच्या काट्यावर ठेवला, तर काट्याने शून्य दाखवलं. ट्रक तोलणाऱ्या काट्याला बोर्ड म्हणजे धूळ. मग तांबं तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवला. क्रेनवाला हसायला लागला. "मामा, आता फळकुटंही घेता का भंगारात?"

"तू तुझ्या साखळीकडे बघ."

वजन बोर्डावर छापलेलं होतं तितकंच भरलं. आतली हवा सोडायचा बारीक स्क्रूही घट्ट, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. बोर्ड निर्दोष सुटला.

दुसरा संशय विंगवर. मध्यंतरी तिचं कापड खडकाला लागून फाटलं होतं आणि ताईने तिला ठिगळ लावून दिलं होतं. लावताना म्हणालीही होती, "असल्या पातळ कापडावर जीव टांगायचा? मी याचा पडदासुद्धा शिवणार नाही." त्याने विंग फुगवली, ठिगळावर गाल टेकून हवा सुटते का ते ऐकत बसला. ताईने दारातून पाहिलं.

"माझ्या शिवणीवर संशय?"

"छे गं. गार वाटतं म्हणून."

ठिगळ बाकीच्या कापडापेक्षा पक्कं निघालं. म्हणजे विंगही सुटली. उरली भाची. आपल्याच हाताखाली वाढलेल्या पोरीवर संशय घ्यायला त्याला जड गेलं, पण काट्यावर नातं चढत नाही.

पुढच्या सुट्टीला तो घरी म्हणाला, "आज वखारीत काम आहे." आणि वळसा घालून खाडीच्या भिंतीपाशी गेला. तिथे पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या होत्या, त्यांच्या आड बसला. पाण्यात भाची बंदरावरच्या बेकरीवाल्याला शिकवत होती. बेकरीवाला काटेमामापेक्षा चांगलाच भरलेला होता. ते सांगायला काट्याची गरज नव्हती. आणि त्याच्या खाली छोटाच बोर्ड होता.

"घाई करायची नाही!" भाची ओरडत होती. वारा किनाऱ्याकडे होता, शब्द न् शब्द येत होता. "मोठ्यावरची सवय विसरा! बुडू दे त्याला, बुडणारच तो. गुडघ्यांवर बसून राहा. विंग वर! समोर नाही, डोक्यावर! छताला हात लावल्यासारखं! वारा तुम्हाला वर ओढू दे, म्हणजे बोर्डावरचा भार कमी होईल. बोर्डाचं नाक किंचित वर, वाऱ्याच्या दिशेला जरा वळवा. आता थांबा... थांबा... पाण्याखालूनच चालू लागेल तो. आपोआप वर येईल. वर आला की मग एक पाय, मग दुसरा!"

बेकरीवाला कंबरभर पाण्यात गुडघ्यांवर बसलेला, डोक्यावर पंख धरलेला, हळूहळू सरकायला लागला. बोर्ड दिसत नव्हता, त्यामुळे एक जाडा माणूस पाण्यातून बसल्याबसल्या चाललाय असं वाटत होतं. मग त्याच्या गुडघ्यांखाली पांढरी कड वर आली. तो उभा राहिला, आणि पावाची टोपली उचलावी तसं त्याला फॉइलने उचललं.

काटेमामाने होडीआडून मान बाहेर काढली. त्याची नजर विंगकडे होती. वर ताणलेले हात, ताणलेलं कापड. साखळीला पोट नव्हतं! म्हणजे ही सगळी काटामारीच होती. वरून भार चोरायचा आणि खाली बोर्डाला हलकं वजन दाखवायचं. आणि तो, जन्मभर असली साखळी सोडवत आलेला माणूस, इमानदारीने आपलं सगळं वजन बोर्डावर टाकून बुडत बसला होता.

"वेगळं काही नाही, काय?" तो दातओठ खात पुटपुटला. शेजारी जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "काही म्हणालात?" "तुम्हाला नाही," हा म्हणाला, आणि मग त्या म्हाताऱ्याकडेही एकदा नीट बघून घेतलं.

पोरगी एकटी असलं काही करणार नाही. हिच्यामागे डोकं दुसरं. तो घरी आला. ताई बाजारात गेली होती. पुढच्या खोलीत ताके नेहमीसारखे भिंतीला टेकलेले होते, पण त्यांत एक निळ्या फुलांच्या कापडात गुंडाळलेला उंच ताका नवा होता. कापडाचा ताका उभा केला की खाली बसतो, जरा वाकतो. हा पहारेकऱ्यासारखा ताठ होता. काटेमामाने बोटाने टकटक केलं. टण् टण् आवाज आला.

तेवढ्यात मागून ताई. "हात लावू नकोस, ऑर्डरचं आहे."

"कुणाची ऑर्डर?"

"आहे एका हॉटेलची."

"कडक कापड आहे फार."

"खळ जास्त आहे."

त्याने मान डोलावली आणि हात धुवायला गेला. चीर गेलेला, दुरुस्तीला दिलेला मोठा बोर्ड नवा फुलाफुलांचा झगा घालून आपल्याच घरात उभा होता. पण चोर पकडायचा तर गाडी काट्यावर असताना पकडायची.

पुढच्या सुट्टीला तो आज्ञाधारकासारखा खाडीवर गेला. वारा चांगला होता. पहिल्यांदा तो मुद्दाम नेहमीसारखा पडला. भाची दुरून म्हणाली, "जाऊ दे मामा, बस झालं आज." मग त्याने गुडघे टेकले, विंग डोक्यावर नेली आणि हात छताला लावले. बोर्ड खाली गेला. पाणी पोटापर्यंत आलं. आता थांबायचं होतं, आणि तेच त्याला येत नव्हतं. पायाखाली काय चाललंय दिसत नसताना थांबायचं? हा बोर्ड वर येईल कशावरून? त्याने घाई केली, उभा राहायला गेला आणि तोंडावर आपटला. पुन्हा केलं. पुन्हा अर्ध्यावर भरवसा सुटला आणि पुन्हा आपटला. युक्ती डोक्याला पटली होती, गुडघ्यांना पटत नव्हती.

पुढच्या खेपेला त्याने डोळे मिटून घेतले. बघायचंच नाही. फक्त हातांत वरची ओढ जाणवू द्यायची. ओढ आहे म्हणजे कुणीतरी भार घेतंय. पाणी मांड्यांना घासायला लागलं, मग नुसतं गुडघ्यांना, मग गुडघ्यांखाली काहीतरी कडक वर आलं. त्याने एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि खळखळाट थांबला.

तो भाचीच्या अगदी जवळून गेला. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कुणी शिकवलं?" ती ओरडली.

"बेकरीवाल्याच्या मास्तरणीने!"

तो खाडीच्या मध्यापर्यंत गेला आणि वळला. पुढे पाण्यावर गुळगुळीत डाग दिसत होते. तिथे वारा मरत होता. मोठा बोर्ड असता तर तो पालथा पडून वल्हवत आला असता, या इवल्याशा बोर्डावर ते जमण्यासारखं नव्हतं. काटेमामाचा वाऱ्यावरही विश्वास नव्हता. तो सरळ किनाऱ्याला आला.

भाची गुडघाभर पाण्यात मान खाली घालून उभी होती. "मामा, आईने गळ्याची शप्पथ घातली होती. तुला नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. ती म्हणाली, असा बोर्ड दे की तोच कंटाळेल."

"आणि मी दमून बुडालो असतो तर?"

"म्हणून तर तुला छातीएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ देत नव्हते. आणि नजर काढत नव्हते तुझ्यावरून. तू होड्यांमागे लपला होतास तेव्हाही दिसत होतास. तुझी टोपी दिसत होती."

काटेमामाला हे नवीन होतं. "मग ओरडून ओरडून का सांगत होतीस त्याला?"

 तिने हसू दाबत विंगची दोरी गुंडाळायला घेतली.

घरी ताई मशीनवर होती. हा निथळत्या अंगाने तिच्यासमोर उभा राहिला. "हॉटेलची ऑर्डर किती दिवसांत द्यायची आहे?"

ताईने पाय थांबवला. सुई कापडातच राहिली. ती रागावली नाही, लाजलीही नाही. "त्या दिवशी मी भिंतीवर होते," ती म्हणाली. "ते कापड पाण्यावर पडलेलं दिसलं. तू दिसला नाहीस. किती वेळ दिसला नाहीस."

"अगं, मी बोर्डावर आडवा होतो. पाण्याशी अगदी टेकून."

"मला काय माहीत? तूच सांगतोस ना, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. मला तेवढंच दिसलं."

तो तसाच ओला, जमिनीवरच्या दोऱ्यांच्या केरात खाली बसला. मग म्हणाला, "ताई, तिथे मला बरं वाटतं गं. दुसरीकडे कुठे वाटत नाही." तो पायाला चिकटलेले दोरे काढू लागला. "ही पोरगी पाण्यात असेल तेव्हाच जाईन. वारा पडायला लागला की परत. वचन देतो."

"वचन नको. वचन माणसं मोडायलाच देतात."

संशय हा घराण्याचाच गुण होता. तो एकट्या भावाच्या वाट्याला आला होता असं नाही.

"मग काय करू?"

"मी येणार," ताई म्हणाली. "दर वेळी. समोर बसणार."

पुढच्या सुट्टीला ताई खाडीच्या भिंतीवर घडीची खुर्ची टाकून बसली. गळ्यात शिट्टी होती, शाळेतल्या खेळाच्या मास्तरांची असते तशी. इतक्या सहज ही कबूल कशी झाली, यात दुसरा काही डाव आहे का, याचा विचार करतच काटेमामा पाण्यात उतरला. त्याने गुडघे टेकले, विंग डोक्यावर नेली. बोर्ड खाली गेला, पाणी कंबरेला आलं. तो थांबला.

किनाऱ्यावर शिट्टी वाजली. लांबलचक. बेकरीवाला, जाळंवाला म्हातारा, पाण्यातले सगळे वळून बघायला लागले. पुन्हा शिट्टी. बुडणारा माणूस आणि वर येण्याआधी थांबलेला माणूस भिंतीवरून अगदी सारखेच दिसतात, हे बिचारीला कोण सांगणार?

"थांब गं ताई!" तो हात वर ताणलेल्या स्थितीतच ओरडला. "बुडत नाहीये! येतोय वर!"

"मग ये ना लवकर!" ताई भिंतीवरून ओरडली आणि खात्रीसाठी आणखी एकदा शिट्टी वाजवली.